पोराला ताप आहे, शाळेत पाठवू का? एका वर्गशिक्षिकेकडून पालकांसाठी

पावसाळा सुरू झाला की सकाळी सहा-सव्वासहापासून माझ्या फोनवर मेसेज चालू होतात. "मॅडम आज येणार नाही." बस एवढंच. कोण येणार नाही, काय झालंय, किती दिवस, काही नाही, आणि डीपीला महादेव किंवा गुलाबाचं फूल, त्यामुळे नंबर कोणाचा तेही कळत नाही. साठच्या वर पोरं आहेत वर्गात, मी हजेरी घेईपर्यंत मला पत्ता नसतो की हा मेसेज कोणाच्या आईचा होता. म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकू, कधी घरी ठेवायचं, काय कळवायचं, कुठला कागद जपून ठेवायचा आणि ते 75 टक्के हजेरीचं नक्की काय प्रकरण आहे. मी अनुदानित शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते, त्यामुळे बोलतेय ते मुख्यतः स्टेट बोर्डाच्या शाळांबद्दल, सीबीएसईचं पण येईल मध्ये.

आधी घरी ठेवायचं की नाही ते.

सगळ्यात जास्त गोंधळ तापाचा. साधा नियम असा की ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर शाळा नाही, आणि ताप उतरल्यावर सुद्धा औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही तरच पाठवायचं. "औषध न देता" हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. कारण घरोघरी काय चालतं ते आम्हाला माहिती आहे, सकाळी सहाला पॅरासिटामॉलचं सिरप पाजायचं, अंग गार झालं की रिक्षात बसवून द्यायचं. ते औषध चार ते सहा तास चालतं. म्हणजे मोठ्या सुट्टीच्या आसपास ते उतरतं, पोर डबा तसाच ठेवून बाकावर डोकं टेकून पडतं, गाल लाल, हाताला चटका बसेल इतकं अंग गरम, आणि आम्ही फोन लावतो तर बाबांचा नंबर नेटवर्कच्या बाहेर आणि आई मीटिंगमध्ये. तोपर्यंत शेजारच्या तिघांना प्रसाद वाटून झालेला असतो.

नोकरी करणाऱ्या आईबापांची अडचण मला कळते, घरी कोण थांबणार हा खरा प्रश्न आहे, मी पण त्यातूनच गेलेय. पण मग सिरप देऊन पाठवण्यापेक्षा आजी, आत्या, शेजारच्या काकू, कोणीतरी एक माणूस जूनमध्येच ठरवून ठेवा. आयत्या वेळी कोणी सापडत नाही.

नुसती सर्दी, नाक गळतंय पण पोरगं खातंय-खेळतंय, ताप नाही, तर पाठवा, त्याच्यासाठी घरी ठेवायला लागलो तर जुलै-ऑगस्टमध्ये वर्गात मी एकटीच बसेन. खोकला मात्र असा असेल की रात्रभर झोप नाही किंवा धाप लागतेय तर डॉक्टर आधी, शाळा नंतर. उलट्या-जुलाब असतील तर शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून 48 तास थांबा. शाळेच्या संडासात साबण असेलच याची खात्री मी तरी देत नाही.

आता अंगावर पुरळ आणणारे आजार. यात कांजिण्या सगळ्यात जास्त बघते मी, साधारण जानेवारीनंतर उन्हाळ्याकडे जाताना. कांजिण्यांचं असं आहे की फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पोर दुसऱ्याला देत असतं, त्यामुळे तुम्हाला कळेपर्यंत वर्गात बी पेरून झालेलं असतं. शाळेत कधी यायचं, तर सगळ्या फोडांवर खपली धरल्यावर. सगळ्या म्हणजे सगळ्या, डोक्यातल्या केसांत आणि काखेत पण बघा, कारण कांजिण्या एकदम येत नाहीत, दोन-तीन दिवस नवे नवे फोड येत राहतात, एका जागी खपली आणि शेजारीच पाण्याने भरलेला फोड असं दिसतं. बहुतेक पोरांना हे व्हायला पाच ते सात दिवस लागतात. खपल्या पडून डाग जाईपर्यंत थांबायची काही गरज नाही, तेवढं थांबलात तर महिना जाईल. काही घरांत सातव्या-नवव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालून, देवीला नैवेद्य दाखवून मगच पोराला बाहेर काढतात, त्याला माझी अजिबात हरकत नाही, उलट आठवडा आपोआप निघून जातो. फक्त तोपर्यंत अंघोळच घालायची नाही हे नका करू, घामाने आणि खाजवण्याने फोड पिकतात. नखं कापा. आणि तापासाठी अ‍ॅस्पिरिन चुकूनसुद्धा देऊ नका, लहान मुलांना कांजिण्यांत आणि फ्लूमध्ये ते धोक्याचं आहे.

कांजिण्या झाल्या तर शाळेला त्याच दिवशी नाव घेऊन सांगा, "अंगावर थोडं उठलंय" असं नको. कारण वर्गात एखादं मूल स्टेरॉइडवर किंवा कॅन्सरच्या उपचारावर असू शकतं, स्टाफमध्ये एखाद्या बाई गरोदर असू शकतात, त्यांना वेळेत सांगितलं तर त्या डॉक्टरांकडे जाऊ शकतात. आणि धाकटं भावंड असेल तर त्याला साधारण दहा ते एकवीस दिवसांत निघू शकतात, हे धरून पुढची लग्नं आणि परीक्षा बघा.

गोवर म्हणजे कांजिण्यांचा छोटा भाऊ असं समजू नका. ताप, लाल डोळे, खोकला आणि मग कानामागून चेहऱ्यावर आणि खाली अंगावर उतरणारं पुरळ. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवरची साथ आली होती आणि त्यात लहान मुलं गेली, इतका तो वाईट आहे. पुरळ आल्यापासून किमान चार दिवस शाळा नाही, डॉक्टरांचं हो आल्याशिवाय तर नाहीच. एमआर म्हणजे गोवर-रुबेला लसीचे दोन डोस, पहिला नऊ महिन्यांनंतर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ते झालेत का हे आज कार्ड काढून बघा. गालगुंड झालं, म्हणजे कानाखाली गालाजवळ सूज, तर सूज आल्यापासून पाच दिवस घरी.

बालवाडी, पहिली-दुसरीच्या पोरांना ते हॅन्ड फूट माउथ फार होतं, तळहात, तळपाय आणि तोंडात फोड. ताप जाऊन फोड सुकले आणि पोर नीट जेवायला लागलं की पाठवा. विष्ठेतून तो विषाणू पुढे काही आठवडे जात राहतो, म्हणून शी धुतल्यावर साबणाने हात, पोराचे पण आणि तुमचे पण.

डोळे येणं. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी आणि पुणे परिसरात डोळ्यांची जी साथ आली होती ती आठवत असेल, वर्गच्या वर्ग काळे गॉगल लावून. ज्याचे डोळे आलेत त्याच्या डोळ्यात बघितलं की आपले येतात हे खोटं आहे, ते हाताने, टॉवेलने, रुमालाने पसरतं. म्हणून गॉगल लावून पाठवलं म्हणजे झालं असं नाही, गॉगल लावलेलं पोर दर दोन मिनिटांनी डोळा चोळतं आणि तोच हात बेंचला लावतं. चिपडं येणं आणि पाणी गळणं थांबलं की पाठवा, साधारण आठवडा धरा. मेडिकलवाल्याला विचारून ड्रॉप्स आणू नका, काहींत स्टेरॉइड असतं आणि डोळ्याचं नुकसान होतं.

काही गोष्टींसाठी उगाच घरी ठेवतात लोक. उवा, त्यासाठी शाळा बुडवायची गरज नाही, संध्याकाळी औषध लावा, बारीक फणी फिरवा, सकाळी पाठवा, आणि हो, त्या स्वच्छ घरातल्या पोरींना पण होतात. खरूज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मलम एकदा रात्रभर लावून झालं की दुसऱ्या दिवशी येऊ शकतं, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावा नाहीतर पुन्हा पुन्हा येणार. डेंग्यू एका पोराकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, डासामुळे होतो, त्यामुळे तिथे प्रश्न संसर्गाचा नाही, अशक्तपणाचा आहे. ताप गेल्यानंतरचे दोन-तीन दिवसच डेंग्यूत जपायचे असतात, नेमकं तेव्हाच "आता ताप नाही ना" म्हणून पाठवून देतात. काविळीत डोळे पिवळे दिसल्यापासून किमान आठवडाभर घरी, आणि काविळ उतरवून आणली तरी रक्ताची तपासणी करा हे मी हात जोडून सांगते. टीबीचं औषध चालू असलेलं मूल डॉक्टरांनी परवानगी दिली की शाळेत येऊ शकतं, ते लपवायची गरज नाही, आम्ही वर्गात जाहीर करत नाही.

आता कळवायचं कसं. हजेरी घ्यायच्या आधी एक मेसेज, ग्रुपवर नाही तर वर्गशिक्षकांना वेगळा, ग्रुपवर टाकलात की खाली तीस जणांचे "गेट वेल सून" येतात आणि मेसेज वर निघून जातो. एवढं असलं की झालं:

"नमस्कार मॅडम, मी ____ ची आई. सहावी ब, हजेरी क्रमांक 34. काल रात्रीपासून ताप 101 आहे म्हणून आज येणार नाही. आज डॉक्टरांना दाखवतोय, काय म्हणाले ते संध्याकाळी कळवते."

हजेरी क्रमांक लिहा हो. एका वर्गात चार-चार आर्यन आणि तीन-तीन स्वरा असतात.

मेसेज म्हणजे अर्ज नाही. पोर परत येईल त्या दिवशी हातात कागद द्या किंवा डायरीत लिहा, जशी शाळेची पद्धत असेल तसं. एक-दोन दिवसांसाठी वर्गशिक्षकांच्या नावाने चालतं, आठवड्याच्या वर असेल तर मुख्याध्यापकांच्या नावाने. नमुना देते, इंटरनेटवर जे "सविनय सादर विनंती की" वाले पानभर अर्ज असतात ते कोणी वाचत नाही:

प्रति,
मा. मुख्याध्यापक
(शाळेचं नाव)
विषय : आजारपणामुळे गैरहजर राहिल्याबाबत
महोदय,
माझी मुलगी कु. ____, इयत्ता 6 वी ब, हजेरी क्रमांक 34, हिला कांजिण्या झाल्यामुळे ती दि. 3 मार्च ते 11 मार्च या काळात शाळेत येऊ शकली नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कृपया नोंद घ्यावी व बुडालेली चाचणी पुन्हा घेता येईल का ते कळवावे.
पालकाची सही, दिनांक, मोबाईल नंबर

याचा फोटो काढून ठेवा. मोठा अर्ज असेल तर दोन प्रती करा आणि ऑफिसमधून तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, कारकून कुरकुर करेल, करू दे.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट प्रत्येक तापाला लागत नाही. पण लागणारा आजार असेल, अ‍ॅडमिट केलं असेल, परीक्षा बुडाली असेल किंवा पोर नववी-दहावी-बारावीत असेल तर घ्याच, आणि आजारपण चालू असतानाच घ्या. त्यात पोराचं पूर्ण नाव, आजाराचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, आणि "शाळेत जायला फिट आहे" हे एक वाक्य. सोबत केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांची झेरॉक्स ठेवा. फेब्रुवारीत येऊन ऑगस्टचं सर्टिफिकेट देणारे पालक दर वर्षी असतात, शाई ताजी आणि तारीख जुनी, ते आम्हाला पण दिसतं आणि बोर्डालाही.

आणि आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात ते. सर्टिफिकेट दिलं म्हणजे पोर हजर लागत नाही. पुन्हा सांगते, हजेरीपटावर ते दिवस गैरहजरच राहतात, सर्टिफिकेट फक्त सांगतं की गैरहजेरीला खरं कारण होतं, म्हणजे पुढे टक्के कमी पडले तर सूट मागायला तुमच्याकडे आधार असतो. "मॅडम सर्टिफिकेट दिलंय तर पी लावा" असं म्हणून उपयोग नाही, मी पी लावू शकत नाही.

75 टक्क्यांचा हिशोब करून बघा, घाबरायचं कारण नाही ते लक्षात येईल. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीला 220 कामाचे दिवस सांगितलेत. 220 चे 75 टक्के म्हणजे 165. म्हणजे 55 दिवस बुडाले तरी तुम्ही रेषेवर आहात. कांजिण्यांचे आठ, डेंग्यूचे बारा, तापाचे चार-पाच, असं वाईटात वाईट वर्ष धरलं तरी पंचवीसच्या आसपास. मग पोरं 75 च्या खाली जातात कशी? तर मामाच्या लग्नाला आधी चार दिवस नंतर तीन दिवस, गणपतीला कोकणात गेले ते गौरी-गणपती करून तिकडेच, दिवाळीच्या सुट्टीला पुढे-मागे शेपूट, गावची जत्रा, आणि दहावी-बारावीला क्लासवाल्यांनी सांगितलं म्हणून घरी बसून अभ्यास. आजारपणाने हजेरी जात नाही हो, आजारपणासाठी ठेवायचे दिवस आपण आधीच उडवलेले असतात. माझी नणंद इंग्लंडमध्ये आहे, तिकडे सलग पाच दिवस परवानगीशिवाय शाळा बुडवून फिरायला गेलं तर एका मुलामागे एका पालकाला 80 पौंड दंड होऊ शकतो. आपल्याकडे असलं काही आणा असं मी म्हणत नाही, पण डिसेंबर-मे मधल्या लग्नांच्या पत्रिका बघून कधी कधी मनात येतं.

आठवीपर्यंत हजेरी कमी आहे म्हणून शाळा पोराला काढून टाकू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 आहे त्यासाठी. आणि आजारपणाहून आलेल्या पोराला चिठ्ठी नाही म्हणून वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर बोलणं हे त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे चालत नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. असं झालं तर सरळ मुख्याध्यापकांना लेखी द्या. दुसरं म्हणजे हजेरीला पैसे जोडलेले असतात कधी कधी, पहिली ते चौथीतल्या काही घटकांतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आहे, 1992 पासून एकच रुपया, त्यावर काय बोलायचं, पण त्यालाही 75 टक्के बघतात.

दहावी-बारावीला मात्र हे हलक्यात घेऊ नका. तिथे हजेरी कमी पडली की बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म अडकतो. स्टेट बोर्डात आजारपणाचं कारण असेल तर कागद मुख्याध्यापकांमार्फतच पुढे जातात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच शाळेत जाऊन आतापर्यंतचे हजर दिवस विचारा, जानेवारीची वाट बघू नका. अगदीच लांबचं आजारपण असेल, वर्षच शाळेत जाणं शक्य नसेल, तर 17 नंबर फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचा रस्ता आहे, त्याच्या तारखा वेगळ्या आणि लवकर असतात. सीबीएसईने 2025 मध्ये पुन्हा एकदा शाळांना लिहून सांगितलंय की 75 टक्के सक्तीचे, उरलेल्या 25 टक्क्यांची सूट फक्त वैद्यकीय कारण, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय खेळ अशा गंभीर कारणांना आणि तीही कागद असतील तरच.

परीक्षा बुडाली तर? पहिली ते आठवी, शाळा नंतर घेते, फक्त तुम्ही विचारलं पाहिजे. पाचवी आणि आठवीत 2023 च्या बदलानंतर वार्षिक परीक्षा आणि नापास झालं तर पुनर्परीक्षा आलीय, त्यामुळे तिथे वार्षिकच्या वेळी आजारी पडलं तर त्याच दिवशी शाळेत कळवा. बोर्डाची तोंडी-प्रात्यक्षिक बुडली तर लेखीनंतर आउट ऑफ टर्न, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, घेतात, लेखी पेपर बुडला तर मात्र पुरवणी परीक्षा. आणि पेपरच्या दिवसांतच कांजिण्या निघाल्या तर घरी रडत बसू नका, केंद्रसंचालकांना आदल्या दिवशी शाळेमार्फत कळवून वेगळी खोली मागा.

दमा, फिट येणं, टाइप वन डायबेटिस, सिकलसेल, थॅलेसेमिया असं कायमचं काही असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच वर्गशिक्षकांना भेटून अर्धं पान लिहून द्या: काय होतं, झालं तर काय करायचं, कोणाला फोन, कुठल्या दवाखान्यात. दम्याचा पंप दप्तराच्या कुठल्या कप्प्यात आहे ते पोराला, मला आणि शेजारी बसणाऱ्या मित्राला माहिती पाहिजे. डायबेटिसवाल्या मुलांना सीबीएसई 2017 पासून परीक्षेत सोबत खाऊ ठेवू देतं, आणि कुठल्याही बोर्डाला असलात तरी हे आधी लेखी मागून ठेवा. सिकलसेल आणि थॅलेसेमिया 2016 च्या दिव्यांग कायद्यात येतात, प्रमाणपत्र काढलं तर परीक्षेत सवलती मिळतात, बऱ्याच पालकांना हे माहितीच नसतं. तुम्ही चिठ्ठी दिल्याशिवाय शाळा पोराला गोळी देणार नाही, डोकं दुखतंय म्हटलं तरी, आणि तेच बरोबर आहे.

एक माझं मत, शाळेला पटत नाही तरी सांगते. 100 टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. स्नेहसंमेलनात स्टेजवर प्रमाणपत्र मिळावं म्हणून 102 तापात आलेली मुलगी बघितलीय मी, आई म्हणे "तीच ऐकत नाही, रडते". त्या मुलीमागे त्या आठवड्यात अर्धी रांग आडवी झाली.

पोर बरं होऊन परत येतं त्या दिवसाचं पण थोडं सांगते. रात्री दहाला ग्रुपवर "सगळ्या विषयांचे फोटो पाठवा" असं टाकू नका, एका नीट अक्षराच्या मुलाची वही ठरवा आणि रोज एक विषय उतरवून घ्या, पूर्ण करायला मी आठवडा देते, मागितला तर दोन देते. गणितात मात्र आधी येऊन समजून घे म्हणावं, नुसतं उतरवून काही होत नाही. डब्यात हलकं द्या, पाण्याची बाटली मोठी. आणि डॉक्टरांनी पळायला मना केलं असेल तर ते चिठ्ठीत लिहा, तोंडी मला सांगितलेलं पीटीच्या सरांपर्यंत पोचत नाही, आणि पोर स्वतःहून मैदानाबाहेर बसेल अशी अपेक्षा तर ठेवूच नका.